जात्यावरचे धन

रायगड जिल्ह्यातील पाली हे गाव बल्लाळेश्वराचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या या देवस्थानाच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात. गावाच्या पाठीशी सरसगडाचा काळाकभिन्न कातळ उभा आहे. जवळच सुधागडाचा विस्तीर्ण किल्ला असून ठाणाळे येथे डोंगरात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत दिसते. सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट अशा जुन्या पाऊलवाटा ही भिंत चढून तैलबैलाच्या पठारावर जातात. तेथून पुढे मुळशी व मावळ हा डोंगरी मुलूख पसरलेला आहे.

किल्ले, लेणी व देवळे हा आपल्या पूर्वजांनी ठेवलेला दगडी ठेवा होय. परंतु घाटाच्या खाली काय किंवा वर काय, या डोंगरांत आणखी एक ठेवा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. तो कोठेही कोरलेला नव्हता. तो होता बायकांच्या ओठांवर. दगडी ठेवा ऊनपाऊस सोसून शतकानुशतके टिकतो. ओठांवरचा ठेवा मात्र गाणारीबरोबरच नाहीसा होतो.

हा ठेवा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. पूर्वी घरोघरी पहाटेच्या अंधारात जाते सुरू होई. जात्याची खालची तळी स्थिर असे. वरची तळी खुंटा धरून फिरवावी लागे. एका हाताने नाचणीची किंवा तांदळाची वैरण घालावी, दुसऱ्या हाताने जाते ओढावे, असे हे काम घटका-दोन घटका चाले. हात भरून येत, अंग घामाने भिजे. हे कष्ट सुसह्य व्हावेत म्हणून दळणारी गाऊ लागे. जात्याच्या घरघरीची तिला साथ असे आणि त्याच्या फेऱ्यांचा ताल असे. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण अशीच रूढ झाली.

या ओव्यांत काय नसे? माहेरची आठवण, भावाची वाट, लेकराचे कौतुक, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा, शेतातले पीक हे सारे त्यांत असे. सासरी सोसाव्या लागणाऱ्या दुःखाची तर पुष्कळदा कोठे वाच्यताही करता येत नसे. ते दुःख दळणारी जात्याला सांगे. देशात नवे वारे वाहू लागले तेव्हा तेही ओवीत उतरले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावरही स्त्रियांनी ओव्या गायिल्या. अशा रीतीने लिहिता-वाचता न येणाऱ्या असंख्य स्त्रियांनी आपला इतिहास आपणच रचला.

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. स्त्रियांचे मोठे कष्ट वाचले. ते कष्ट पुन्हा यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जाते थांबले आणि ओवी गाण्याची जागाच उरली नाही. ज्यांना शेकडो ओव्या मुखोद्गत होत्या त्या स्त्रिया वृद्ध होऊ लागल्या, आणि सुनांना व नातींना त्या ओव्या शिकण्याचे कारण राहिले नाही.

ओव्यांचे मोल जाणणारी माणसे महाराष्ट्रात पूर्वीही होती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात असंख्य ओव्या संग्रहित केल्या. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे अनेक संग्रह प्रसिद्ध केले. त्यानंतर मुळशी-मावळच्या डोंगरांत या कार्याला एक नवे वळण मिळाले.

गी पॉइत्वाँ हे मूळचे फ्रान्सचे. ते १९७२ मध्ये भारतात आले आणि पुण्यास स्थायिक झाले. हेमा राईरकर यांच्या साथीने त्यांनी समाजशास्त्रीय संशोधनाची एक संस्था चालविली. डोंगरातील गरीब रहिवासी ‘गरीब डोंगरी संघटने’त एकत्र आले होते; त्यांच्याबरोबर ही दोघे काम करीत. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी ओव्या जमविण्यास प्रारंभ केला. या कामाचा विशेष असा की, ओव्या जमविण्यात गावच्या स्त्रियाही पुढे होत्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईला आपल्याजवळ काही मोलाचे आहे असे सहसा वाटत नाही. परंतु तिच्यासारखीच कष्टकरी बाई समोर बसून आदराने ऐकू लागली, की विसरलेल्या ओव्याही आठवू लागतात.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळली गेली. ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. काम वाढत वाढत एक हजाराहून अधिक गावांत पोहोचले. तीन हजारांहून अधिक गायिकांनी गायिलेल्या एक लाखावर ओव्या लिहून झाल्या. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे फ्रान्सचे संगीत-संशोधक या कार्यात सामील झाले. त्यांनी ओव्या संगणकावर आणल्या आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. या ध्वनिमुद्रणाचे जतन फ्रान्समधील भाषाविषयक संग्रहातही झाले आहे. गी पॉइत्वाँ यांचे २००४ मध्ये निधन झाले. पुढे ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संग्रहाने या ओव्या महाजालावर सर्वांसाठी खुल्या केल्या.

एरवी लोकगीतांखाली ‘कवी अज्ञात’ असे लिहिण्याची रीत आहे. गरिबांचे धन असे बेवारशी ठरते. डोंगरातील या कामाने ती रीत मोडली आणि ओवी जपणाऱ्या बाईला तिचा मान दिला. ज्यांचा ठेवा आहे, त्यांनाच बरोबर घेऊन तो जपला तर तो खऱ्या अर्थाने जपला जातो.

आजही लग्नघरी हळद दळण्यासाठी जाते मांडतात. एखादी आजी खुंट्याला हात लावते आणि तिच्या ओठांवर ओवी येते. मुलांनो, अशा वेळी तिच्यापाशी बसावे, ओवी लिहून घ्यावी आणि तिच्याखाली आजीचे नाव लिहिण्यास विसरू नये.

स्वाध्याय

१. दगडी ठेवा व ओठांवरचा ठेवा यांत कोणता फरक आहे?
२. पिठाच्या गिरणीमुळे काय साधले व काय हरपले?
३. ओवीबरोबर गाणारीचे नाव नोंदणे का महत्त्वाचे आहे, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. आपल्या गावातील वृद्ध स्त्रियांकडून दोन ओव्या मिळवा व वर्गात म्हणून दाखवा.