गाडी आईच्या नावावर, चावी पोराच्या हातात

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जातून घेतलेली स्कूटी आपल्या नावावर असते आणि सोळा वर्षांचा मुलगा तीच घेऊन दळणाला जातो. चूक पोराची, मग शिक्षा आईला का? हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

शिक्षा कडक आहे खरी. पण रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या आजीची तर काहीच चूक नसते, तिनं का सोसायचं? शिवाय लायसन्स नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. कर्जाचे हप्ते चालूच राहतात.

म्हणून अठरा पूर्ण, लायसन्स हातात, मगच चावी.

बैठकीत बोलूया: आपल्या घरात चावी कुणाच्या ताब्यात असते? आपण ‘नाही’ म्हटलं तर ऐकलं जातं का?