शटरची स्प्रिंग : दुकानदाराचे काम कोणते, मिस्त्रीचे कोणते?

सकाळी शटर वर ढकलायचे, दुपारी नमाज-जेवणाला खाली ओढायचे, रात्री कुलूप लावायचे. ते एका हाताने चालते तोवर कुणी मान वर करून बघत नाही. पुढे ते जड होते. आपण दोन्ही हातांनी रेटतो, शेजाऱ्याला हाक मारतो आणि तसेच महिने काढतो. मग एखाद्या दिवशी वरून फाडकन आवाज येतो आणि शटर अर्ध्यावर अडकते. अशा वेळी घाईत शिडी लावून स्वतः पाना फिरविणाऱ्याचा हात, दात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणून हे काम नीट समजून घ्यावे.

स्प्रिंग काय करते?

१.२५ मि.मी. जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते. ८ बाय ८ फुटांचे शटर जवळपास ६ चौरस मीटरचे असते. पट्ट्यांचे मुडपलेले काठ धरले की वजन ६० किलोच्या वर जाते. हे वजन आपण उचलत नाही, स्प्रिंग उचलते. वरचा पाइप ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेला असतो आणि त्यावर चकत्या फिरतात. स्प्रिंगचे एक टोक पाइपला, दुसरे चकतीला असते. शटर खाली येते तशी स्प्रिंग पिळली जाते आणि वर जाताना तोच पीळ वजन उचलतो.

म्हणून शटर बंद असताना स्प्रिंगमध्ये सर्वात जास्त ताण असतो. पण शटर पूर्ण वर असले तरी ताण शून्य होत नाही, कारण बसवितानाच मिस्त्रीने काही फेरे आधी पिळलेले असतात. अपघात बहुधा याच उरलेल्या ताणाने होतो.

आधी खात्री करावी

शटर जड झाले म्हणजे स्प्रिंगच गेली असे नाही. बाजूच्या चॅनलमध्ये माती साचते, गाडीच्या धक्क्याने चॅनल दबतो, पट्टी वाकते किंवा एका बाजूला सरकते. चॅनल कोरड्या फडक्याने पुसावे, पट्ट्या पाहाव्यात, थोडे तेल द्यावे. जाड ग्रीस भरू नये, त्यात धूळ चिकटते. मग शटर अर्ध्यावर सोडून बघावे. तिथेच थांबले तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरले तर ताण कमी झाला आहे किंवा एखादी स्प्रिंग तुटली आहे. आपोआप वर पळाले तर ताण जास्त आहे, आणि तोही दोषच आहे.

दुकानदाराचे काम इथे संपते. साफसफाई, तेल, तपासणी आपण करावी. पाइपचा क्लॅम्प सैल करणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे. बंद शटर अडकले असेल तर एकट्याने उचलू नये. दोघा-तिघांनी दोन्ही बाजूंनी सारखे उचलावे, लगेच दोन्हीकडे टेकू द्यावा आणि मुलांना दूर ठेवावे.

कारागिरांसाठी क्रम

१. शटर पूर्ण वर घ्यावे, दोन्ही बाजूंना टेकू द्यावेत आणि पट्ट्यांची गुंडाळी दोन-तीन ठिकाणी दोराने आवळून बांधावी.

२. कव्हर काढून पाइपवर खडूने रेघ मारावी. फेरे मोजण्यासाठी तीच खूण.

३. पाइप दोन पान्यांनी धरूनच क्लॅम्प सैल करावा. ताण पाव-पाव फेऱ्याने सोडावा. एक पाना सुटण्यापूर्वी दुसरा पक्का लागलेला हवा. पान्याचा दांडा ज्या दिशेने फिरेल तिथे तोंड किंवा छाती आणू नये. किती फेरे सुटले ते लिहून ठेवावे.

४. ताण शून्य झाल्यावर दोन्ही टोकांना दोर किंवा चेन-कप्पी लावून पाइप खाली घ्यावा.

५. प्रत्येक स्प्रिंगची जागा आणि पिळाची दिशा खुणेने नोंदवावी. उलटी बसलेली स्प्रिंग काम करत नाही.

६. नवी स्प्रिंग आणताना जुनी सोबत न्यावी. तारेची जाडी, लांबी, गोलाई जुळली पाहिजे. सरकारी बांधकामाच्या तपशिलात आय.एस. ४४५४ (भाग १) प्रमाणे उच्च ताणशक्तीच्या तारेची २७.५ सें.मी. लांब स्प्रिंग सांगितलेली असते. तारेचा दर्जा विचारूनच माल घ्यावा.

७. बसविल्यावर जुन्या मोजणीइतके फेरे द्यावेत, क्लॅम्प पूर्ण आवळावा, पाना काढावा, दोर आणि टेकू सोडावेत आणि मगच अर्ध्यावर थांबण्याची परीक्षा घ्यावी. ताण कमी-जास्त वाटला तर शटर पुन्हा वर घेऊन, टेकू देऊन पाव फेऱ्याने बदल करावा.

खोटी बचत

तुटलेली स्प्रिंग वेल्डिंग करून चालविणारे भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि जोडाशेजारीच ती पुन्हा तुटते. तुटके टोक कापून पुन्हा अडकविले तर उरलेल्या वेढ्यांवर जास्त भार येतो. तसेच तीनपैकी एक तुटली म्हणून एकच बदलू नये. उरलेल्या दोघींनी तितकीच वर्षे काम केलेले असते. त्यांच्यासाठी पुन्हा मजुरी आणि पुन्हा बंद दुकान, हा खर्च नव्या स्प्रिंगपेक्षा महाग पडतो.

मिस्त्री बंधूंनी बिलावर स्प्रिंगची संख्या, तारेची जाडी, दिलेले फेरे आणि तारीख लिहावी. तीच तारीख कव्हरच्या आतही लिहावी. पुढच्या वेळी कोणीही आला तरी त्याला अंदाजाने पाना फिरवावा लागणार नाही. ग्राहकही असा हिशेब ठेवणाऱ्यालाच पुन्हा बोलावतो. दुकानदारांनी मजुरी ठरविताना एवढे पाहावे की माणूस दोन पाने, टेकू आणि सोबती घेऊन आला आहे का. एकटा, एका पान्यावर स्वस्तात काम करतो म्हणणाऱ्याला परत पाठवावे. त्यात त्याचेही भले आहे.