भाषेचा तास आणि हातातील यंत्र

आजचे युग हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ विचारावा असेही कोणास वाटत नाही. परंतु भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाने तो विचारलाच पाहिजे. गणिताच्या शिक्षकाला यंत्र आकडेमोड करून देईल, भूगोलाच्या शिक्षकाला नकाशा दाखवील. पण मुलाला ऐकते, बोलते, वाचते आणि लिहिते करण्याच्या कामी ते कितपत उपयोगी पडेल? या प्रश्नाचा थोडासा अभ्यास गेल्या उन्हाळ्यात आमच्या हातून घडला. तो येथे मांडीत आहोत.

आम्ही व्यवसायाने बँकेतील कारकून. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, म्हणून भाषेची ओढ. नोकरी संगणकासमोर, म्हणून यंत्राची भीती नाही. एवढ्या भांडवलावर आमच्या वस्तीतील सात-आठ मराठी व हिंदीच्या शिक्षक-शिक्षिकांनी आम्हांस गळ घातली, "भाऊ, आम्हांला हे ऑनलाइन प्रकरण एकदा नीट समजावून द्या." मंडळाच्या सभागृहात सहा रविवार बसायचे ठरले.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा शाखेतून खातेवही जाऊन संगणक येत होता. एक ज्येष्ठ रोखपाल संगणकावर केलेली प्रत्येक नोंद घरून आणलेल्या वहीतही लिहून ठेवीत. सहा महिन्यांनी त्यांनी वही आणणे सोडले. त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते. शेजारच्या सहकाऱ्याने रोज एकच काम शिकविले होते. आम्हीही तोच मार्ग धरला. एका रविवारी एकच साधन, आणि तेही प्रत्यक्ष धड्याला जोडून.

पहिला रविवार देवनागरी टंकलेखनात गेला. पूर्वी एका संगणकावर तयार केलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अक्षरांची खिचडी होत असे, कारण प्रत्येक फॉन्टचे संकेत निराळे होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक लाभला, म्हणून आज भुसावळला लिहिलेला मजकूर लंडनलाही तसाच उमटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, एवढे ध्यानात आले की निम्मी भीती जाते. बोलून लिहिण्याची गुगलची सोय तर २०१७ पासून मराठीतही आहे.

दुसऱ्या रविवारी आम्ही परितेवाडीचे उदाहरण घेतले. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड लावले. मोबाईल त्यावर धरला की कवितेचे ध्वनिमुद्रण, गोष्ट किंवा पाठाची चित्रफीत उघडे. पुढे राज्याच्या सर्व पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केले, आणि पुस्तकातील कोडमागचे साहित्य तेथे मिळू लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या शिक्षकांनी यातून काय घ्यावे? छापील कोड हा कागदाचा चौकोन आहे. पुस्तक प्रत्येक मुलाजवळ असते, मोबाईल वर्गात एक असला तरी भागते. साधन निवडताना हा विचार प्रथम करावा.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही कृती बसविल्या. त्यांतील उपयुक्त ठरलेल्या अशा :

पहिली, श्रवणाची. शिक्षकाने एक गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावी, वर्गात अर्ध्यावर थांबवावी आणि पुढे काय झाले असेल ते मुलांनी सांगावे. नंतर उरलेली गोष्ट ऐकवावी.

दुसरी, वाचनाची. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या असून त्या विनामूल्य आहेत. त्यांचा अनुवाद करण्यासही मोकळीक आहे. हिंदीच्या शिक्षकांनी एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचून घ्यावी आणि मुलांना फरक शोधू द्यावा.

तिसरी, लेखनाची. गुगल डॉक्समध्ये चार मुलांच्या गटाने एकच प्रसंग पाळीपाळीने लिहावा. कोणी कोणता शब्द बदलला हे जुन्या आवृत्त्या उघडून पाहता येते. एका वाक्याची सुधारणा कशी होत गेली हे मुलांना दाखविण्यास याहून चांगला फळा नाही.

चौथी, चाचणीची. गुगल फॉर्मवर शब्दार्थ, लिंग, वचन यांची चाचणी झटपट तपासली जाते. मात्र कविता आवडली की नाही आणि का, हे चार पर्यायांत कोंबू नये. रसग्रहण तोंडी किंवा वहीतच व्हावे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. शाळा उघडल्यावर आमच्यातील एका शिक्षिकाताईंनी सहावीच्या वर्गात बोलून लिहिण्याचा प्रयोग केला. एका मुलीने मोबाईलसमोर वाक्य म्हटले, "आमच्या आबानं केयी लावली." पडद्यावर उमटले, 'आमच्या आबांनी काही लावली.' तिने पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. वर्ग हसला. मुलगी मान खाली घालून जागेवर बसली आणि त्या तासाला बोललीच नाही.

ताई त्या रविवारी फार अस्वस्थ होऊन आल्या. "भाऊ, यंत्रासमोर उभी केली ती मीच. माझी चूक कोणती?" आम्हांलाही पटकन उत्तर सुचले नाही. आपल्या भागातील लेवा बोलीत आणि अहिराणीतही 'ळ'चा उच्चार 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, जळगावचे जयगाव. यंत्राला पुस्तकी मराठी शिकविलेली. ती मुलगी घरची भाषा बोलली. यात मुलीची चूक नव्हती. परंतु वर्गाने यंत्राला पंच मानले आणि तिला बाद ठरविले. आपण शिक्षकही लाल शाईने पुष्कळदा हेच करीत आलो नाही काय?

पुढच्या आठवड्यात ताईंनी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि विचारले, "यंत्राला काय येत नाही?" मग मुलांनी घरून 'य'चे शब्द आणले. आजीचे, काकांचे शब्द ध्वनिमुद्रित करून एका गुगल शीटवर तीन रकाने भरले : घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, तो वापरून वाक्य. 'ळ'च्या जागी 'य' येतो हा नियम मुलांनी स्वतः शोधून काढला. सर्वांत जास्त शब्द त्या मुलीने आणले. आबांच्या केळीच्या मळ्यातले शब्दच तिच्याजवळ ढीगभर होते.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ सालच्या खंडात खानदेशीची नोंद झाली आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही भाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक लोक आहेत. मुलांच्या तोंडी एवढे धन असता केवळ यंत्राला कळत नाही म्हणून ते चुकीचे कसे ठरेल? प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, नोकरीला व परीक्षेला ती लागते. पण ती शिकवावी घरच्या बोलीच्या खांद्यावर हात ठेवून, तिच्या डोक्यावर पाय ठेवून नव्हे.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरी एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील ड्यूटीवर जात, त्या घरच्या मुलाचा वर्ग बुडाला. म्हणून घरी मोबाईल असल्याशिवाय पुरा होणार नाही असा गृहपाठ देऊ नये. दुसरे, मुलांचा आवाज व छायाचित्र पालकांच्या संमतीवाचून गटाबाहेर पाठवू नये. बँकेत आम्ही ग्राहकाची माहिती जपतो, तशीच ही ठेव जपावी.

शिक्षक बंधू-भगिनींनो, साधने बदलत राहतील. आज तर निबंध लिहून देणारे यंत्रही आले आहे. तेव्हा निबंध असा द्यावा की जो यंत्राला ठाऊक नाही : आपल्या गल्लीतला, जंक्शनच्या फलाटावरचा, आजीच्या तोंडचा. तास सुरू करण्यापूर्वी एवढेच विचारावे की, आज माझा विद्यार्थी काय ऐकणार, काय बोलणार, काय लिहिणार? उत्तर मिळाल्यावर मग मोबाईल खिशातून काढावा. आणि तासाच्या शेवटी मागच्या बाकावरचे मूल बोलले की नाही, हे अवश्य पाहावे.