अन्नाचा हक्क आणि वेष्टनावरील बारीक अक्षरें

अन्न हा मनुष्यमात्राचा हक्क आहे, असें म्हणणें सोपें आहे. परंतु जो हिरावला गेला असतां न्यायालयांत दाद मागतां येते, तोच खरा हक्क. या अर्थानें आपल्या देशांत अन्नाचा हक्क फार जुना नाहीं. २००१ सालीं सरकारी कोठारें धान्यानें भरलेलीं असतां राजस्थानांत दुष्काळपीडित लोक उपाशी होते. तेव्हां 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेनें सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत अन्नाचा हक्क येतो, हा त्यांतील मुख्य मुद्दा. त्याच सालच्या २८ नोव्हेंबर रोजीं न्यायालयानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजविलेलें जेवण देण्याचा हुकूम राज्यांना केला; त्यांत निदान ३०० कॅलरी व ८ ते १२ ग्रॅम प्रथिनें असावीं, असेंही ठरविलें. कोरडें धान्य घरीं धाडणें निराळें आणि मुलाच्या ताटांत ऊन भात वाढणें निराळें, हा भेद न्यायालयानें ओळखला, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

राज्यावर असा अंकुश आला. पण विकत घेतलेल्या अन्नाचें काय? बंद पुडा घेतांना आपण बहुधा चित्रावर भुलतों. चित्रांतील संत्रें रसरशीत असतें. घटकांची यादी मात्र मागील बाजूस बारीक अक्षरांत असते. ही यादी उतरत्या प्रमाणानें द्यावी, असा नियम आहे. म्हणून पाणी व साखर आधीं आणि फळ त्यांच्या मागून आलें असेल, तर आपण काय विकत घेत आहों हें चित्रापेक्षां यादीच खरें सांगते. दुसरी गोष्ट आंकड्यांची. पेयांत साखरेचें प्रमाण १०० मिलिलिटरांस धरून दिलेलें असतें. तें ११ ग्रॅम असेल, तर २५० मिलिलिटरांची बाटली संपविणाऱ्याच्या पोटांत साडेसत्तावीस ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारें सात चमचे साखर जाते. इतका त्रैराशिकाचा हिशेब आमच्या वर्गांतील कोणासही करतां येईल!

२०२० च्या नियमांनीं अति स्निग्ध, खारट व गोड पदार्थ शाळेंत आणि तिच्या सभोंवार ५० मीटरांच्या आंत विद्यार्थ्यांस विकण्यास मनाई केली आहे. ५० मीटर म्हणजे मधल्या सुटींतील एका धांवेचें अंतर. तेव्हां या नियमावर फार विसंबतां येत नाहीं.

फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते, आणि वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. खरेदीचा पुरावा मात्र जवळ हवा. आणि पांच रुपयांच्या पुडीची पावती मागणाऱ्यास आमच्या बाजारांत अजून हंसतात.