गव्हाचे पहारेकरी

इंजिनिअरिंगच्या मासिकात गव्हावर लेख बघून काहींच्या भुवया वर जातील. पण मेसमध्ये आपण मोजून घेतो त्या पोळीमागे एक चिवट लढाई चालू असते, आणि तिचं गणित आपल्याला परकं नाही.

शत्रूचं नाव तांबेरा. ही एक बुरशी. तिचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. खोडावरचा तांबेरा दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तग धरतो व तिथून मध्य भारताकडे सरकतो. आपल्या महाबळेश्वरला तर या रोगासाठी खास संशोधन केंद्रच आहे.

बीजाणू ओल्या पानावर रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशीत शोषक अवयव खुपसून अन्न ओढू लागतो. सोबत काही प्रथिनं आत सोडतो. त्यांचं काम म्हणजे झाडाची संरक्षण यंत्रणा बंद पाडणं. झाडाकडे आपल्यासारख्या रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. त्यामुळे प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच करावा लागतो.

हा पहारा जनुकांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, एसआर-३५ या जनुकाचं प्रथिन बुरशीचं एक ठराविक प्रथिन ओळखतं. २०२२ मध्ये त्याची रचना उलगडली. ओळख पटताच अशी पाच प्रथिनं एकत्र येऊन कडं करतात, पेशीच्या पडद्यात मार्ग उघडतो, कॅल्शियम आत घुसतं आणि ती पेशी मरते. आत्महत्याच म्हणा! पण तांबेरा फक्त जिवंत पेशीवर जगतो. पेशी मेली की त्याची उपासमार. चार पेशी जातात, झाड वाचतं.

१९४० च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं, की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतं. कुलूप-किल्लीच. गोम इथेच आहे. बुरशीने ते एक प्रथिन बदललं की पहारेकरी तिला ओळखतच नाही.

असं खरंच घडलं. राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर-३१ हे जनुक जगभरच्या वाणांत पसरलं होतं, आपल्याकडच्या पीबीडब्ल्यू-३४३ मध्येसुद्धा. १९९८ मध्ये युगांडात ते निकामी करणारा तांबेरा सापडला, त्याला युजी-९९ म्हणतात. सगळ्या कॉम्प्युटर्सना एकच पासवर्ड ठेवल्यावर दुसरं काय होणार?

उपाय आपल्याला पटेल असाच आहे. समजा, एक पहारेकरी चुकवणारा बदल दहा लाखांत एका बीजाणूत होतो. मग दोन नवे पहारेकरी एकाच वेळी चुकवणारा बीजाणू दहा लाख गुणिले दहा लाखांत एक! म्हणून पैदासकार एकाच वाणात अनेक जनुकं रचतात. मात्र त्यातलं एखादं जनुक दुसऱ्या वाणात एकटंच पेरलं, तर बुरशीला एकेक पायरी चढायची सोय होते आणि हे गणित कोसळतं. जोडीला एलआर-३४ सारखी जनुकंही घेतात. ती रोग पूर्ण थांबवत नाहीत, पण त्याची वाढ मंदावतात आणि अनेक दशकं टिकली आहेत.

ज्यांच्या घरी गहू पेरतात त्यांनी सुट्टीत गेल्यावर एवढं जरूर विचारावं: आपलं वाण कोणतं, आणि शिवारात सगळ्यांचं तेच आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर काळजीचं कारण आहे.