थांबलेल्या मागाचा हिशेब

सोलापूर

चि. माधव यास,

तुझे पत्र पोचले. दादाच्या पश्चात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला आपला टॉवेलचा कारखाना तू हाती घेतलास. परंतु उत्पादन अपेक्षेइतके निघत नाही, कामगार मन लावून काम करीत नाहीत असा तुझा ग्रह झाला आहे, आणि म्हणून दोन मुकादम वाढवावेत, भिंतीवर कॅमेरे लावावेत व प्रत्येक विणकराकडे एकेक माग अधिक सोपवावा असा विचार चालला आहे, हे वाचले. निर्णय घेण्याआधी विचारलेस याचा संतोष वाटला. ज्याने उमेदीची सारी वर्षे विणाईखात्यात घालविली, त्याने अशा वेळी संकोच धरून चार ओळींत उत्तर आटोपावे हे वडीलपणाला शोभणारे नाही. म्हणून पत्र लांबले तरी सावकाश वाच.

आधी आपल्याच गावाची एक हकीकत सांगतो. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला सारे गाव जुनी गिरणी म्हणत असे, ती मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली काढली. पुढच्या दोन-तीन वर्षांत दख्खनेत जो मोठा दुष्काळ पडला त्याने शेतीवरून उठविलेली माणसे, आणि तेलंगणातून सूत व माग यांचे पिढीजात ज्ञान घेऊन आलेली पद्मशाली कुटुंबे, यांच्या श्रमावर या शहराचा वस्त्रव्यवसाय उभा राहिला. अशी ती गिरणी २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली. हजारो घरांच्या चुली तिच्या भोंग्यावर पेटत असल्यामुळे केंद्र सरकारला जानेवारी १९५० मध्ये खास अध्यादेश काढून आणि पुढे त्याचा कायदा करून तिचा कारभार ताब्यात घ्यावा लागला. त्यावर भागधारकांनी न्यायालयात दावे लावले. त्यांपैकी चिरंजीतलाल चौधरी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये फेटाळला आणि द्वारकादास श्रीनिवास यांचे अपील डिसेंबर १९५३ मध्ये मान्य केले. मालमत्तेच्या त्या काळच्या मूलभूत हक्काचे निवाडे म्हणून हे दोन्ही खटले कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. परंतु कारखानदाराने अभ्यासावी अशी गोष्ट त्या कायद्याच्या अगदी प्रारंभीच आहे. उत्पादन घटले आणि बेकारी माजली याचे कारण म्हणून तेथे जे दोष नोंदलेले आहेत ते गैरव्यवस्थापन आणि हेळसांड हे आहेत. ज्या गिरणीत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसलेले विणकर होते, ती गिरणी दफ्तरात बसणाऱ्यांच्या हातून बुडाली.

हे सांगण्याचा हेतू एवढाच, की उत्पादन घटल्यावर तुझी दृष्टी प्रथम मागावर उभ्या असलेल्या माणसाकडे गेली, ती प्रथम स्वतःच्या टेबलाकडे जावयास हवी होती. विणकर कामावर हजर असतो तेव्हा तो कापड विणीत तरी असतो किंवा कशाची तरी वाट पाहत तरी असतो. आणि ज्याची तो वाट पाहतो ती वस्तू बहुधा तू पुरवावयाची असते. ताण्याचा बीम संपला आणि दुसरा खळ लावून तयार नाही. कांड्या भरणारी बाई आजारी पडली आणि तिच्या जागी कोणाची तजवीज नाही. सुताच्या गाठोड्यात स्वस्त मिळाले म्हणून दोन निराळ्या गिरण्यांचे सूत एकत्र आले आणि धागा घडीघडीला तुटू लागला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावले तर तो पलीकडच्या रांगेत एका मोडक्या मागाखाली पाठ टेकून पडलेला. टेरी टॉवेलच्या मागाला तर दोन बीम लागतात, एक जमिनीचा ताणा घट्ट धरणारा आणि दुसरा लूप उठविण्यासाठी सैल सुटणारा. त्यांतील दुसऱ्याचा ताण थोडा जरी कमीजास्त झाला तरी लूपची उंची बिघडते आणि दिवसभर खपून विणलेला माल दुय्यम प्रतीत जातो. यांतील कोणता दोष कॅमेऱ्यात दिसणार आहे? कॅमेऱ्यात दिसेल तो हातावर हात ठेवून उभा राहिलेला माणूस. आणि तू त्यालाच दोषी ठरवशील.

हवेचाही विचार कर. कापसाचे सूत ओलावा असला की बळकट राहते आणि कोरड्या हवेत ठिसूळ होते. लँकेशायरच्या गिरण्या ज्या दमट हवेच्या आधाराने भरभराटल्या तिचा आपल्याकडे लवलेशही नाही; चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्रे तापतात, आणि त्याच दिवसांत महानगरपालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणून उन्हाळ्यात धागा अधिक तुटणारच. पाण्याची मोठी टाकी, छताखाली उष्णता अडविणारा थर, हवेत सूक्ष्म तुषार सोडणारी यंत्रणा यांवरचा खर्च तुला आज चैनीचा वाटेल. परंतु तुटलेल्या धाग्यांमुळे वर्षाकाठी किती तास माग बंद राहिले याचा आकडा तुझ्यापुढे असता तर तसे वाटले नसते.

तो आकडा तुझ्यापाशी नाही, हेच तुझ्या पत्रात मला सर्वांत अधिक खटकले. ‘काम कमी होते’ असे तू तीनदा लिहिलेस, पण किती कमी व कोणत्या कारणाने, हे एकदाही लिहिले नाहीस. तेव्हा नवा मुकादम नेमण्याआधी एक जाड वही आण. प्रत्येक मागाला एक पान दे, आणि माग केव्हा थांबला, केव्हा सुरू झाला व कशामुळे थांबला, एवढेच पाळीतल्या कामगारांकडून लिहवून घे. एक माग तासाला सहा वेळा थांबला आणि दर खेपेस दोन मिनिटे गेली, तर तासातील १२ मिनिटे, म्हणजे पाचवा हिस्सा, कोणीही आळस न करता नाहीसा होतो. ती वही शिक्षा करण्यासाठी वापरणार नाहीस असे वचन आधी सर्वांसमक्ष दे आणि ते अक्षरशः पाळ. कारण एकदा तिच्या आधारे कोणाची मजुरी कापलीस, की दुसऱ्या दिवसापासून तिच्यात खरे काही लिहिले जाणार नाही. महिनाभराने कारणांची बेरीज केलीस म्हणजे पैसा कोठे घालावयाचा हे कोणत्याही सल्लागारावाचून तुला कळेल.

प्रत्येकाकडे एक माग अधिक देण्याचा विचार मात्र तूर्त सोडून दे. मुंबईच्या गिरणीमालकांनी विवेकीकरण या भारदस्त नावाखाली दोन मागांच्या जागी तीन माग एका विणकराच्या गळ्यात घालण्याचा घाट घातला, त्यातून आणि मजुरीतील कपातीच्या भयातून १९२८ चा सार्वत्रिक संप उद्‌भवला व तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. अधिक माग चालविणे मुळातच अन्यायाचे आहे असे माझे म्हणणे नाही. सूत चांगले असेल, कांड्या वेळेवर मिळत असतील आणि वाढीव उत्पन्नाचा रास्त वाटा विणकराच्या हाती पडत असेल, तर तोच आपण होऊन आणखी माग मागून घेतो. अडचण अशी, की धागा तुटण्याचे प्रमाण तेच ठेवून माग वाढविले म्हणजे तो एकावर गाठ मारीत असता दुसरे दोन त्याची वाट पाहत बंद राहतात.

याच्या उलट दिशेने झालेला प्रयोग तुला ठाऊक असावा अशी माझी फार इच्छा आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी तेथे पाहणी केली. त्यांना असे दिसले, की विणाईचे काम बारा प्रकारच्या कामगारांत तुकड्यातुकड्यांनी वाटलेले आहे, प्रत्येकजण आपापला तुकडा करतो, आणि अमुक एका मागावर चांगले कापड निघावे ही जबाबदारी मात्र कोणा एकाचीही नाही. मागांचे गट पाडून एकेक गट एकेका लहान टोळीकडे संपूर्णपणे सोपवावा ही कल्पना निघताच कामगारांनी स्वतःच आपल्या टोळ्या बनविल्या. प्रारंभीचे चढउतार सरल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा सुमारे ८० वरून ९५ पर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून २० वर आले. माणसे तीच होती, माग तेच होते. राइस यांनी या प्रयोगावर १९५८ साली ग्रंथ लिहिला. १९७० मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका विभागात ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती आणि इतरत्र ती बरीच विरून गेली होती. एकदा चांगली घडी बसविली म्हणजे ती आपोआप टिकते असे मालकाने समजू नये. तू तुझ्या कारखान्यात निदान एक रांग एका टोळीकडे देऊन पाहा. तिच्यात विणकर, कांडी भरणारी, जॉबर सारे आले पाहिजेत, आणि चांगल्या मालावरील जादा मजुरी टोळीला मिळाली पाहिजे.

गैरहजेरीची तुझी तक्रार मी मान्य करतो, पण तिचा बराचसा भाग पंचांगात आधीच छापलेला असतो. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात आणि गड्ड्याची यात्रा भरते. नारळी पौर्णिमेला शहराच्या पूर्व भागात मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. त्या दिवसांत कामगार यावा असा हट्ट धरणारा मालक या गावाला ओळखतच नाही. मागांची मोठी दुरुस्ती, तेलपाणी, भिंतींचा चुना ही कामे त्याच सुट्टीत काढ आणि मालाच्या मुदती त्या धोरणानेच कबूल कर.

आता पैशाविषयी थोडेसे, कारण तू स्वतः हिशेबाची पदवी घेतली आहेस. रोजकीर्द त्या त्या दिवशी पुरी झाली पाहिजे. दिवाणजी कितीही इतबारी असला तरी शिल्लक तू स्वतः मोजावीस. व्यापारी तीन-तीन महिने उधारी ठेवतात आणि मग सूतवाल्याचा तगादा व पगाराचा दिवस एकाच आठवड्यात येतात, असे तू लिहिलेस. लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याने, नोंदणी केलेल्या उत्पादकाचा पैसा लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले आहे आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले आहे. प्रत्येक गिऱ्हाइकावर हे अस्त्र उगारता येत नाही, हे मी जाणतो. तरी नोंदणी करून घे, मुदत बिलावर स्पष्ट छाप, आणि जो पेढीवाला वारंवार ती मोडतो त्याची मागणी कितीही मोठी असली तरी निम्मी कर. पगाराचा दिवस मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नकोस. कामगाराला लग्नकार्यासाठी उचल देतोस ती दे, पण तिच्या फेडीचा हप्ता त्याला पेलेल असा ठरव आणि तो कागदावर लिहून त्याला वाचून दाखव. उचलीच्या ओझ्याने बांधून ठेवलेला माणूस कारखाना सोडून जात नाही हे खरे, पण त्याचे मन तेथून केव्हाच निघून गेलेले असते.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक निर्देशाचे कायदेशीर संरक्षण मिळालेले आहे. ते नाव साऱ्या गावाचे आहे, म्हणून वजनात चोरी केलेला किंवा एका धुण्यात रंग सोडणारा टॉवेल तू त्या नावाखाली विकू नयेस. भाव पडतील तेव्हा शेजारचे तसे करतील आणि तुलाही मोह होईल. त्या वेळी दुय्यम माल दुय्यम म्हणून, वेगळ्या गठ्ठ्यात, कमी भावाने विक.

वहीचे काम येत्या सोमवारपासून सुरू कर. पहिल्या महिन्याची पाने भरली म्हणजे त्यांची नक्कल मला पाठव. नुसती बेरीज नको, कारणांसकट सगळी पाने पाठव. नंतर मी स्वतः दोन दिवस कारखान्यात येऊन बसेन आणि जॉबरशी बोलेन. वहिनींस साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका