ग्रामीण दारिद्र्य आणि सामुदायिक कृती संस्था

शहरातील दारिद्र्य दाट वस्तीच्या रूपाने डोळ्यांत भरते. ग्रामीण भागातील दारिद्र्य विखुरलेले असल्यामुळे सहसा नजरेस पडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्याच्या खालच्या प्रशासकीय विभागास बहुतेक ठिकाणी 'काउंटी' म्हणतात. अनेक ग्रामीण काउंट्यांची वस्ती इतकी विरळ आहे की, प्रत्येकीला स्वतंत्र मदतसंस्था चालविणे परवडणारे नसते. या अडचणीतून मार्ग कसा निघाला, हे आता पाहू.

१९६३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याचे राज्यपाल टेरी सॅनफर्ड यांच्या पुढाकाराने दारिद्र्यनिवारणासाठी एक निधी स्थापन झाला. त्याच्या साहाय्याने डोंगराळ प्रदेशातील वटॉगा, एव्हरी, मिचेल व यान्सी या चार काउंट्यांसाठी मिळून एकच संस्था उभी राहिली. काउंट्यांची आद्याक्षरे जुळवून तिला 'वॅमी' हे नाव देण्यात आले. पुढे २० ऑगस्ट १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आर्थिक संधी अधिनियमावर स्वाक्षरी केली आणि अशा संस्थांना देशभर कायद्याचा आधार मिळाला.

या संस्था करतात तरी काय? एक साधे उदाहरण घेऊ. जुन्या लाकडी घराच्या फटींतून उष्णता सतत बाहेर जात असते. घर उबदार ठेवण्यासाठी गरीब कुटुंबाला इंधनावर आपल्या ऐपतीबाहेर खर्च करावा लागतो. संस्थेने इंधनाचे बिल भरले, तर तो हिवाळा निभावतो. परंतु फटी बुजविल्या आणि छताखाली उष्णतारोधक थर घातला, तर पुढील प्रत्येक हिवाळ्यात खर्च कमी होतो. या कामासाठी १९७६ पासून केंद्रीय अनुदानाची योजना आहे. मात्र छपरच गळके असेल, तर आधी ते दुरुस्त करावे लागते. कोणाची निकड पहिली, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

तो कोणी सोडवावयाचा? १९६४ च्या कायद्याने गरिबांचा 'शक्य तितका अधिकाधिक सहभाग' आवश्यक मानला होता. त्यामुळे अनेक ठिकाणी स्थानिक सत्ताधारी अस्वस्थ झाले, आणि १९६७ च्या दुरुस्तीने संस्था नेमण्याचा अधिकार स्थानिक शासनांकडे दिला. तरीही मूळ तत्त्व टिकून राहिले. १९८१ पासून या संस्थांना मिळणारे केंद्रीय अनुदान राज्यांमार्फत येते; संचालक मंडळात मात्र एक तृतीयांश लोकनियुक्त पदाधिकारी वा त्यांचे प्रतिनिधी आणि निदान एक तृतीयांश लोकशाही पद्धतीने निवडलेले अल्प उत्पन्न गटाचे प्रतिनिधी असावे लागतात. उरलेल्या जागा व्यापार, कामगार, धर्म, शिक्षण इत्यादी क्षेत्रांतील व्यक्तींना मिळतात.

पण कायद्याने दिलेली खुर्ची आपोआप भरत नाही. मंडळाची बैठक दूरच्या गावी, ऐन कामाच्या वेळी ठेवली, तर रोजंदारी बुडवून आणि वाहनावाचून तेथे कोण पोहोचणार? संस्था खरोखर गरिबांची आहे की केवळ गरिबांसाठी आहे, हे तिच्या अहवालातील आकड्यांवरून पुरतेपणी कळत नाही. बैठकीच्या दिवशी ती एक तृतीयांश आसने भरलेली असतात की रिकामी, आणि त्यांवरून बोललेल्या शब्दाने एखादा निर्णय बदलतो की नाही, हे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.